आखूड पायाचा साक्षीदार

"मुरारीभाऊ, तुमच्या थापांनी दिवस बरे गेले, आता पुरे," खरमाटे कंडक्टर म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

मी त्याच्या खाटेशी स्टुलावर बसलो होतो. मांडीवर डबा, हातात अर्धी भाकरी. घास तसाच राहिला. मला कुणी थापाड्या म्हटलं तर राग येत नाही, उभा जन्म ऐकत आलोय. पण त्या दिवशी मी खरं बोललो होतो. खरं बोलताना तोंड कसं करायचं असतं याची मला सवय नव्हती, त्यामुळे त्याला ते ओळखू आलं नाही.

गोष्ट पन्नासेक वर्षांपूर्वीची. मी एका मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्राच्या विभागात शिपाई होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. माझं काम हाडांचं. हाडं स्वच्छ करायची, उन्हात वाळवायची, भोकं पाडून तारेनं जोडायची. आमच्या विच्छेदनाच्या हॉलात कवटीला कडी लावून टांगलेला एक अख्खा सांगाडा होता, माझ्याच हातचा. पुरी दोनशे सहा हाडं. म्हणजे दोनशे पाच. करंगळीचं टोक एका मुलीनं वहीत घालून पळवलं. ती आता मोठी डॉक्टरीण आहे, म्हणून नाव तिचंही सांगत नाही.

दर वर्षी नवी पोरं आली की विचारायची, "मामा, हा कोण होता?" मग मी सांगायचो. एका वर्षी तो संस्थानातला जल्लाद होता. एका वर्षी गोऱ्या साहेबाचा खानसामा, साहेबाच्या सुपात मीठ जास्त पडलं म्हणून परागंदा झालेला. एका वर्षी तर बायकोच्या धाकानं आमच्या कपाटात येऊन लपलेला आणि तिथंच वाळलेला मामलेदार. पोरं हसायची, भीती जायची आणि हाडांना हात लावायची. विभागाचे प्रमुख होते ते सरही मला काही बोलत नसत.

हॉलात बसून डबा खायची सोय नव्हती, कारण सांगायला नको. म्हणून मी पलीकडच्या हाडांच्या वॉर्डात जायचो. तिथं दाराजवळच्या चौदा नंबरच्या खाटेवर जगन्नाथ खरमाटे होता. एसटीत बावीस वर्षं कंडक्टर. बाजाराच्या दिवशी टपावर कोंबड्यांच्या डाली चढवताना मागच्या शिडीवरून पडला. उजवी मांडी मोडली. कोंबड्या सगळ्या वाचल्या, हे तो दर वेळी आवर्जून सांगायचा. ऑपरेशन करून मांडीत पोलादी पट्टी बसवली, स्क्रू मारले. साडेतीन महिने झाले. फोटो काढला, हाड जुळलेलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "चला, उभे राहा."

आणि इथंच गाडी अडली.

तो उभा राहायचाच नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा कोसळता कोसळता वॉर्डबॉयनं धरला. तिसऱ्यांदा धरायला कुणी नव्हतं, आपटला. तेव्हापासून खाटेची कड सोडायला तयार नाही. दसरा झाला की सोमवारी त्याचं मेडिकल बोर्ड होतं. तीन डॉक्टर समोर बसणार. आधाराशिवाय उभं राहायचं, चार पावलं टाकायची. जमलं तर पुन्हा कामावर, नाही जमलं तर नोकरीतून कमी. घरी तीन मुली. आणि मुलींचं सोडा, हा माणूस बसून जगण्यातलाच नव्हता. बसून जेवतानाही त्याचा एक गुडघा वर असायचा.

त्याचं चुकत काय होतं ते मला दिसत होतं. माणूस उभा कसा राहतो, हे सरांचं व्याख्यान वीस वर्षं दाराआडून ऐकत होतो, मला न दिसून कसं चालेल? तो खाली पायांकडे बघायचा. उजवा गुडघा खुंटीसारखा ताठ करायचा आणि सगळं अंग त्या पट्टीवर टेकवायला बघायचा, एखादी फळी भिंतीला टेकवावी तशी. फळी मग जायची ती जायचीच.

"खरमाटे," मी त्या दुपारी म्हणालो, "पट्टी तुम्हाला उभं करत नाही. हाडसुद्धा करत नाही."

"मग काय, तुमच्या थापा करतात?"

"अहो, धावत्या गाडीत तुम्ही बावीस वर्षं दोन्ही हात सोडून उभे राहिलात. एका हातात पंच, एका हातात तिकिटं. कसे राहत होता?"

तो जरा खुलला. "त्यात काय! गुडघ्यात ढिलं राहायचं. पाय जरा फाकून. ड्रायव्हरनं ब्रेक मारायच्या आधी पोटरीला कळतं. ताठ उभा राहणारा पॅसेंजर पहिला पडतो, बघा तुम्ही."

"मग इथं ताठ का उभे राहता?"

"तेव्हा हाड माझं होतं," तो म्हणाला. "आता आत लोखंड आहे. वाकलं तर?"

तेव्हा मी त्याला खरं ते सांगितलं. की माझ्या हॉलातल्या सांगाड्याची उजवी मांडी अशीच मोडलेली आहे. ना पट्टी, ना स्क्रू, बहुतेक डॉक्टरही नाही. वाकडीतिकडी जुळली, पाय आखूड झाला, तरी माणूस त्या पायावर वर्षानुवर्षं चालला. हाडांवर लिहिलेलं असतं ते, वाचणाऱ्याला दिसतं.

खरमाटेनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गेल्या आठवड्यात तो खानसामा होता. परवा जल्लाद. आणि आज नेमका माझाच पाय मोडून बसला होय?" आणि वर सांगितलं तसं भिंतीकडे तोंड केलं.

त्याची बायको सुंद्राबाई पायथ्याशी मोसंबं सोलत होती. ती म्हणाली, "भावजी, तुमचं तोंड चालतंय त्याच्या निम्मे यांचे पाय चालले असते ना, तर आत्ता आम्ही घरी असतो." तोडून बोलली, पण सोललेल्या फोडी माझ्यापुढे ठेवल्या. मी खाल्ल्या नाहीत. थापाड्याला सुद्धा एखाद दिवशी लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कॉलेजला सुट्टी. पण विभागातल्या हत्यारांची पूजा माझ्याकडे असायची. करवत, चिमटे, तारेचं भेंडोळं, सगळं पुसून टेबलावर मांडलं. झेंडूची माळ सांगाड्याच्या गळ्यात घातली. उदबत्ती लावली. हात जोडले आणि डोळे उघडले तर समोर त्याची ती मांडी. म्हटलं, माझ्या शब्दावर विश्वास नाही ना? मग ज्याचा पाय त्यानंच येऊन सांगावं.

कडी काढली, स्ट्रेचरवर आडवा घातला, वर पांढरी चादर. माळ गळ्यातच राहिली.

वॉर्डाच्या फाटकावर पहारेकरी उठून उभा राहिला. टोपी काढून म्हणाला, "कुठला वॉर्ड?"

"हाडांचा."

"सुटला बिचारा." मग त्याच्या लक्षात आलं. "पण मुरारी, हे आतून बाहेर न्यायचं असतं. तू बाहेरून आत कुठं निघालास?"

"त्याचं थोडं बोलायचं राहिलंय," मी म्हणालो आणि पुढे निघालो. तो पुढच्या रविवारपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

वॉर्डात लोंढे सिस्टरनं अडवलं. बाई करड्या, पायात आवाज न करणारे बूट, त्यामुळे कुठून उगवतील सांगता यायचं नाही. त्यांनी चादरीचं टोक दोन बोटांनी उचललं, आत पाहिलं आणि परत ठेवलं.

"हे काय आहे?"

"साक्षीदार, सिस्टर. चौदा नंबरला भेटायला आलाय."

"भेटायची वेळ नातेवाइकांची असते."

"खरमाटेचा चुलतभाऊ समजा. थोडा वाळलाय."

त्यांच्या ओठांची कड हलल्यासारखी वाटली. सोमवारचं बोर्ड त्यांनाही माहीत होतं. गेले तीन आठवडे त्या खरमाटेला उभा करायला धडपडत होत्या. "पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "मी औषधाच्या खोलीत आहे. मी काही पाहिलेलं नाही. आणि ती माळ का घातलीय ते मला सांगू नकोस."

चौदा नंबरवर निराळंच चाललं होतं. एसटीतही खंडेनवमीला आपापल्या सामानाची पूजा करतात. सुंद्राबाईनं घरून पंच आणि तिकिटांचा ट्रे आणून खाटेजवळच्या कपाटावर मांडला होता, वर झेंडूचं फूल, हळदकुंकू.

"काढ ते," खरमाटे म्हणत होता. "ज्याला उभं राहता येत नाही त्यानं पंचाची पूजा कशाला करायची?"

"वर्षाचा दिवस आहे, हात तर जोडा."

"काढ म्हटलं ना, सुंद्रा!"

मी चादर ओढली. शेजारच्या तेरा नंबरच्या म्हाताऱ्यानं एकदा पाहिलं, आपली चादर डोक्यावरून घेतली आणि आतून विचारलं, "मला न्यायला आला का?"

"नाही आजोबा, चौदा नंबरला."

"बरं बरं. सावकाश होऊ द्या."

मी सलाइनचा स्टँड ओढून आणला. चाकांवरचा, उंच. त्याच्या आकड्याला कवटीची कडी अडकवली. माझा गडी खाटेसमोर लोंबकळत उभा राहिला. पावलं फरशीपासून चार बोटं वर, हात बाजूला, गळ्यात पिवळी माळ.

खरमाटे उठून बसला. रागानं का होईना, पाय खाटेखाली सोडून बसला.

"हा?"

"हाच. बघा."

त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. बावीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यावरून कुठं उतरणार ते ओळखणारा माणूस, त्याची नजर साधी नव्हती. "पाय दोन्ही सारखे आहेत की!" तो म्हणाला. "आखूड कुठाय? मुरारीभाऊ, सणासुदीला तरी!"

आता खरी पंचाईत मला सांगायला हवी. त्या पायाची थाप माझीच होती. सांगाडा जोडला तेव्हा उजवा पाय दोन बोटं आखूड भरला, कंबर एका बाजूला कललेली दिसायची. माझ्या हातचा पहिला सांगाडा, तो वाकडा दिसतो म्हणजे काय! मी खुब्याच्या वाटीत चामड्याच्या चकत्या घातल्या, एकावर एक, आणि पाय खाली आणला. मांडीवरची गाठ आतल्या बाजूला होती, ती तारेच्या पट्टीखाली झाकली. सरांनी पाहिलं, म्हणाले, "सुरेख! अगदी सरळ!" तेव्हापासून वीस वर्षं पोरं त्या मांडीवरून शिकली आणि ती मोडलेली होती हे कुणाला कळलं नाही.

"थांबा," मी म्हणालो. "हे माझं पाप आहे."

खिशात पकड होतीच. गुडघ्यावर बसलो, खुब्याचा पितळी नट सैल केला आणि चकत्या एकेक काढून खाटेवर ठेवल्या. एक, दोन, तीन, चार. नट परत आवळायच्या आधीच दिसलं. उजवं पाऊल दोन बोटं वर गेलं होतं. मग मांडीवरची पट्टी सोडली.

"हात लावा."

तो लावेना. मी त्याचा हात धरून नेला. सुंद्राबाई "अगं बाई" म्हणून मागे सरकली आणि लगेच पुढे आली. खरमाटेची बोटं हाडावर फिरली, वर गेली, खाली आली आणि एका ठिकाणी थांबली. आवळ्याएवढी गाठ. हाड मोडलं, टोकं एकमेकांवर चढली आणि निसर्गानं जमेल तसा चुना लावून ठेवलेला.

"मोडलं होतं," तो हळू म्हणाला.

"आता इकडं बघा. डाव्या खुब्याची वाटी कशी घासलीय, आरशासारखी. वजन तिकडं टाकत होता. आणि उजव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा बघा, जाड झालाय. टाच टेकत नव्हती, चवड्यावर चालायचा. एका दिवसात असं होत नाही, खरमाटे. दहा-पंधरा वर्षं हा माणूस या पायावर उभा होता."

"पट्टीशिवाय?"

"पट्टीशिवाय."

खरमाटेनं मान वर करून आकड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण आत्ता कुठं उभा आहे? आकड्याला लटकतोय."

"हाडांच्या जिवावर कुणीच उभं राहत नाही. आकड्यावरून काढा, ढीग होऊन खाली पडेल. तुमचं, माझं, तालमीतल्या पैलवानाचं, सगळ्यांचं तेच. पाठीचा कणा हा मणक्यांवर मणके ठेवलेला, तोही सरळ नाही, मानेशी पुढे, पाठीशी मागे, कमरेशी परत पुढे. आणि दोन पावलांवर हा सगळा डोलारा. त्याला पोटरी ओढून धरते, मांडी धरते, ढुंगण धरतं. सारखा पडायला लागतो आणि हे स्नायूच त्याला सारखे सावरतात. हे तुम्ही मला काल सांगितलंत. मी वीस वर्षं व्याख्यान ऐकलं, पण गाडीत उभं राहून नाही ऐकलं."

हे मी सांगत होतो गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी नट आवळत. नट फिरला, मी जोर लावला आणि स्टँडचं चाक सरकलं.

आता इथं ऐकणारे नेहमी डोळे बारीक करतात. चाक आपोआप सरकलं का मी सरकवलं? शपथेवर सांगतो, आपोआप. माझ्या शपथेची किंमत तुम्हाला ठाऊक आहे, पण दुसरी माझ्याकडे नाही.

कडी आकड्यातून निसटली. सांगाडा पुढे झुकला, आधी मान, मग कंबर, मग गुडघे दुमडले. मी खाली बसलेला, दोन्ही हात पकडीत. तो अख्खा खरमाटेच्या अंगावर आला.

"अहो, धरून उभे राहा ना!" खरमाटे ओरडला.

बावीस वर्षं रोज ओरडलेलं वाक्य. आणि ओरडता ओरडता त्यानं दोन्ही हात सांगाड्याच्या बगलेत घातले आणि उचलून धरला.

उभं राहून.

मी फरशीवर बसलेला, त्यामुळे मला सगळ्यांत आधी पायच दिसले. दोन्ही पावलं फरशीवर, जरा फाकलेली. गुडघे ढिले. उजवी पोटरी उडत होती, सारखी, तापलेल्या तव्यावरच्या थेंबासारखी, आणि दर उडीला तो इकडं तिकडं होऊन परत मध्ये येत होता. खाली बघत नव्हता. सांगाड्याच्या कवटीकडं बघत होता, पॅसेंजर चक्कर येऊन पडला तर बघतात तसं.

"अहो," सुंद्राबाई म्हणाली. "अहो, तुम्ही..."

मी बोट ओठांवर धरलं. तिनं पदराचा बोळा तोंडात घातला.

"मुरारीभाऊ, धरा की याला! निम्मा तुटला असता आत्ता. स्टँडला चाकं असतात एवढं कळत नाही? आणि बसलाय काय खाली!"

"माझ्या पायाला मुंग्या आल्यात," मी म्हणालो. "जरा धरा." ही मात्र थाप होती.

"धरतोय," तो म्हणाला. मग त्याला कळलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही, आणि मी न सांगितलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत. त्यानं एकदा, एकदाच खाली पाहिलं. लगेच मान वर केली. "पोटरीला कळतंय," तो कुजबुजला. "सुंद्रा, पोटरीला कळतंय गं."

तेरा नंबरच्या म्हाताऱ्यानं चादरीतून एक डोळा काढला. "उठला?"

"उठला, आजोबा."

"कोण? दोघांतला?"

लोंढे सिस्टर कधी आल्या ते कळलं नाही. दारात उभ्या होत्या, हातात औषधाचा ट्रे. मला वाटलं आता माझी बदली नक्की. त्या पुढे आल्या, ट्रे खाटेवर ठेवला, खरमाटेच्या मागे गेल्या आणि त्याला न धरता दोन्ही हात त्याच्या कमरेजवळ नुसते धरून उभ्या राहिल्या. "बास झालं, बसा आता," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा एवढंच."

"थांबा जरा, सिस्टर." त्यानं सांगाड्याचा हात आपल्या खांद्यावर नीट घेतला. माळ चुरगळली होती, ती सरळ केली. "मुरारीभाऊ, खरं सांगा. आता थाप नको. कोण हा?"

माझ्या तोंडाशी सतराशे साठ माणसं आली. जल्लाद, खानसामा, मामलेदार. खरमाटेसाठी एखादा नवा बेतही होता, बैलगाडीखालून पाय गेलेला. एकेकाला परत पाठवलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "बेवारस म्हणून आला. रजिस्टरात नावाच्या जागी रेघ आहे. न्यायला कुणी आलं नाही."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं. पोरं विचारायची, मला सांगता यायचं नाही, म्हणून काहीतरी सांगायचो."

सोमवारी तो बोर्डापुढे उभा राहिला, चार पावलं टाकली आणि पाचवं, कुणी न सांगता. सहा महिने डेपोत बसून काम केलं, मग पुन्हा गाडीवर गेला. सरांनी मला बोलावून चकत्यांबद्दल विचारलं, तेव्हा मी त्यांना सगळं कबूल केलं, आणि त्यांनी त्या मांडीवरची गाठ स्वतः चाचपून पाहिली. पण हे सगळं नंतरचं.

त्या वेळी वॉर्डात खंडेनवमीचं ऊन दारातून आत आलं होतं. लोंढे सिस्टर पुन्हा म्हणाल्या, "खरमाटे, बसा. पाय थरथरतोय."

"थरथरू द्या," तो म्हणाला. त्यानं त्या नाव नसलेल्या माणसाला कमरेशी घट्ट धरलं आणि आपल्या आखूड न झालेल्या पायावर वजन घेतलं. "यांना कुणी भेटायला आलं नाही कधी. पाच मिनिटं तरी उभा राहतो यांच्याबरोबर."